पुन्हा पुन्हा भोवळ येते? आधी घड्याळ बघा

चक्कर आणि तोलाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांकडून व्यायाम करून घेणं हे माझं रोजचं काम. या कामात सर्वांत जास्त वेळा हाताखालून गेलेला बिघाड एकच: आतल्या कानातले कण जागा सोडून सरकल्यामुळे येणारी भोवळ. तो बहुतेक वेळा काही मिनिटांत दुरुस्त होतो. पण माणसं माझ्यापर्यंत पोहोचतात तेव्हा त्यांच्या पिशवीत मानेचा एक्स-रे, डोक्याचा स्कॅन आणि महिनोन्‌महिने चाललेल्या गोळ्यांची चिठ्ठी असते. भोवळ किती वेळ टिकते आणि काय केल्यावर सुरू होते, हे मात्र त्यांना कुणी नीट विचारलेलं नसतं.

भोवळ कशी वाटते, या वर्णनात फार अडकू नका. खोली फिरते, डोकं हलकं होतं, पाय तरंगतात, असं एकच माणूस दहा मिनिटांच्या गप्पांत तीन तऱ्हांनी सांगतो. वेळ आणि निमित्त यांबद्दलची उत्तरं त्या मानाने पक्की असतात. म्हणून लक्षणंही मी त्याच हिशोबाने लावली आहेत.

लक्षणं: तुमचा प्रकार कोणता?

काही सेकंद ते जेमतेम मिनिटभर, आणि डोक्याची स्थिती बदलली की. अंथरुणात कूस बदलली, आडवं झालं, उठून बसलं, वरच्या फळीवरचं काही काढायला मान मागे टाकली, की सगळं गरगरतं आणि मिनिटाच्या आत थांबतं. स्वस्थ बसलं तर काही नाही. मळमळ मात्र तासभर रेंगाळते, त्यामुळे लोक 'तासभर चक्कर होती' असं सांगतात. खोदून विचारलं की कळतं, प्रत्यक्ष फिरणं अर्ध्या मिनिटाचंच होतं. हाच तो कणांचा प्रकार. डॉक्टरांच्या कागदावर तो 'बीपीपीव्ही' या नावाने दिसेल.

फक्त उभं राहताना, क्षणभर, डोळ्यांपुढे अंधारी येऊन. इथे कानापेक्षा रक्तदाबावर संशय घ्यायचा.

वीस मिनिटं ते काही तास, सोबत एका कानात दडे, गुणगुण आणि ऐकू कमी येणं. हा मेनिएरचा आजार असू शकतो. प्रॉस्पर मेनिएर या फ्रेंच डॉक्टरांनी 1861 मध्ये अशी भोवळ कानातून येऊ शकते हे मांडलं. तोवर तिचा दोष मेंदूवरच जायचा.

पाच मिनिटांपासून तीन दिवसांपर्यंत कितीही, आणि त्या वेळी उजेड किंवा आवाज नकोसा होणं. हा मायग्रेनचा एक प्रकार आहे. डोकं त्याच वेळी दुखलंच पाहिजे असं नाही, आणि इथेच तो सगळ्यांना चकवतो.

अचानक सुरू होऊन दिवस-दिवस न थांबणारी, उलट्यांसह. आतल्या कानातून मेंदूकडे जाणाऱ्या तोलाच्या नसेला सूज आली की असं होतं. ही सहसा पुन्हा पुन्हा येत नाही. पण मेंदूच्या मागच्या भागातला पक्षाघातही हुबेहूब असाच दिसू शकतो, त्यामुळे या प्रकारात घरी काही तपासत बसू नका.

शेवटचा प्रकार म्हणजे तीन महिन्यांहून जास्त काळ, बहुतेक रोज, डोलल्यासारखं वाटणं. उभं असताना, गर्दीत किंवा मोबाइलचा पडदा भराभर सरकवताना ते वाढतं. बऱ्याचदा आधी खरीखुरी भोवळ येऊन गेलेली असते. ती बरी होते, पण मेंदू सावधच राहतो. या अवस्थेच्या निदानाचे निकष 2017 मध्ये ठरले, म्हणून अनेक ठिकाणी अजून 'टेन्शन घेऊ नका' एवढंच सांगून बोळवण होते.

इथे वाचणं थांबवा आणि इस्पितळात जा

भोवळीसोबत बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, एकाच्या जागी दोन दिसू लागलं, गिळता येईना, हातापायाची ताकद गेली किंवा बधिरता आली, आधी कधी नव्हतं असं जोराचं डोकं किंवा मान दुखू लागली, छातीत दुखलं, शुद्ध हरपली, किंवा आधाराशिवाय उभंच राहता येईना, तर पुढच्या एकाही तपासणीच्या भानगडीत पडू नका. यातल्या शेवटच्या खुणेकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. कानाच्या भोवळीत माणूस झोकांड्या खातो, पण बहुधा उभा राहू शकतो. अजिबात उभं राहता येत नसेल तर मेंदूचा विचार आधी करावा लागतो. आणि सुरुवातीच्या तासांत सीटी स्कॅन स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होऊ नका. मेंदूच्या मागच्या भागातला पक्षाघात त्यात बऱ्याचदा दिसत नाही.

एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर तीही घाईची बाब आहे, भोवळ असो वा नसो. त्यावर स्टेरॉइडचे उपचार जितके लवकर सुरू होतील तितकं बरं. मळ साचला असेल म्हणून आठवडाभर थांबलेले लोक मी पाहिले आहेत.

यातलं काहीच नसेल तर पुढे चला.

पहिली तपासणी: वही

प्रत्येक झटक्याला चार गोष्टी लिहा: कधी आला, काय करत होतात, प्रत्यक्ष फिरणं किती वेळ चाललं, सोबत आणखी काय झालं. वेळ अंदाजाने लिहू नका. भोवळीत अर्धा मिनिट पाच मिनिटांसारखा वाटतो, म्हणून घरातल्या कुणाला घड्याळ बघायला सांगा. यावर पैसा खर्च होत नाही, आणि वर दिलेल्या प्रकारांमधला निम्मा गोंधळ इथेच मिटतो. आदली झोप, चुकलेलं जेवण, पाळीची तारीख हेही टिपून ठेवा. मायग्रेनचा धागा बहुतेक वेळा याच नोंदींत सापडतो.

दुसरी: कूस बदलून बघा

अंथरुणात सपाट पडून एका कुशीवर वळा, थांबा, मग दुसऱ्या. इथे भोवळ आली तर एक मोठा संशयित लगेच बाद होतो. उठून उभं राहताना रक्तदाब उतरू शकतो, कुशीवर वळताना नाही. ज्यांना 'बीपी लो आहे' म्हणून मीठ-साखरेचं पाणी पाजत ठेवलेलं असतं, त्यांच्यापैकी कित्येकांचं निदान या एका प्रश्नावर फिरतं.

कोणत्या बाजूला वळल्यावर जास्त गरगरतं तेही टिपा. सहसा तोच कान बिघडलेला असतो. पुढे लागेल.

तिसरी: रक्तदाब, पण दोनदा

खुर्चीत बसून एकदा मोजलेल्या रक्तदाबाचा इथे काही उपयोग नाही. पाच मिनिटं आडवं पडा आणि मोजा. मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला, तर उभं राहतानाच्या अंधारीचं कारण हातात आलं. पाणी कमी पडणं, जुलाब, दीर्घ आजारपण, मधुमेहाने थकलेल्या नसा ही नेहमीची कारणं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी झटक्याच्या वेळी साखरही मोजावी.

चौथी: औषधांची यादी

सगळ्या गोळ्या टेबलावर मांडा, दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेल्या आणि स्वतःहून घेतलेल्याही. भोवळ सुरू होण्याच्या आधीच्या महिन्यात नवीन काय आलं किंवा कशाचा डोस वाढला? रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, प्रोस्टेटसाठीची टॅम्सुलोसिन, झोपेची औषधं, नसांच्या दुखण्यावरची प्रेगाबालिन, फिट्सवरची फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन यांच्याकडे आधी बघा. जेंटामायसिन किंवा स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं झाली असतील तर ती ठळक लिहा. ही औषधं आतल्या कानातल्या तोलाच्या पेशींना कायमची इजा करू शकतात. त्यात गरगरणं कमी असतं. चालताना समोरचं दृश्य हलतं आणि अंधारात तोल जातो.

यादी करणं तुमचं काम, गोळी बंद करणं तुमचं नाही. रक्तदाबाची किंवा फिट्सची गोळी स्वतःच्या मनाने सोडली तर भोवळीपेक्षा मोठं संकट उभं राहतं.

आता एक तिरकी गोष्ट. भोवळीवरच्या गोळ्याही याच यादीत तपासा. सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन, मेक्लिझिन ही औषधं पहिल्या दोन-तीन दिवसांच्या तीव्र गरगरण्यात आणि उलट्यांत उपयोगी आहेत. त्यापुढे ती चालू राहिली तर मेंदूला नवा तोल शिकू देत नाहीत, आणि शिवाय सुस्ती येते. यातल्या पहिल्या दोन दीर्घकाळ घेतल्याने वयस्कर माणसांमध्ये कंपवातासारखी लक्षणं दिसू शकतात. आणि कण सरकल्यामुळे आलेली भोवळ कुठल्याच गोळीने बरी होत नाही, कारण गोळी कण हलवू शकत नाही. माझ्या मते या आजारात सर्वांत जास्त पैसा आणि वेळ याच एका गैरसमजावर जातो.

पाचवी: कान आणि चष्मा

फोन आधी एका, मग दुसऱ्या कानाला लावून तोच आवाज ऐका. एका बाजूला तो दबका किंवा फाटका येतो का? झटक्याच्या आधी कान भरतो का? तसं असेल तर झटका ताजा असतानाच श्रवणचाचणी करून घ्या, कारण मेनिएरमध्ये ऐकणं खाली-वर होत राहतं आणि महिनाभराने केलेली चाचणी सुरुवातीच्या काळात चक्क सरळ येऊ शकते. चष्म्याचं थोडक्यात: नवा प्रोग्रेसिव्ह चष्मा लागला आणि जिन्यावर डोलायला झालं, तर काही दिवस सवय होऊ द्या, नाहीतर नंबर पुन्हा तपासा.

मानेच्या एक्स-रेबद्दल

पन्नाशीनंतर बहुतेकांच्या मानेच्या मणक्यांत झीज दिसते, भोवळ असो वा नसो. त्यामुळे एक्स-रेत झीज दिसली म्हणून भोवळीचं कारण सापडलं असं होत नाही. गळ्यातल्या पट्ट्याने तर मान आखडते, डोकं हलायचं बंद होतं आणि मेंदूचा सराव तुटतो.

सहावी: कण जागेवर नेणं

इथवर येऊन पहिलाच प्रकार उरला असेल, तर आता आत काय झालंय ते समजून घेऊ. आतल्या कानात एका पिशवीवजा भागात कॅल्शियम कार्बोनेटचे अगदी सूक्ष्म कण एका थरावर चिकटलेले असतात. गुरुत्वाकर्षणाची दिशा आणि सरळ रेषेत जाताना वेगात होणारा बदल त्यांच्यामुळे कळतो. शेजारी द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्या डोकं वळल्याची खबर देतात. वयाने, डोक्याला मार लागल्याने, बरेच दिवस अंथरुणाला खिळल्याने किंवा काहीही कारण न सापडता काही कण सुटतात आणि नलिकेत जातात. मग डोकं थांबलं तरी कण घरंगळत राहतात, द्रव ढकलला जातो आणि मेंदूला वाटतं आपण अजून फिरतोय. कण तळाशी बसले की भोवळ थांबते. मिनिटाचं गणित यातूनच येतं.

बहुतेक वेळा कण मागच्या नलिकेत जातात, कारण उभं किंवा बसलं असताना तीच सगळ्यांत खाली असते. अमेरिकेतल्या पोर्टलंडचे कानाचे डॉक्टर जॉन एपली यांनी डोकं ठराविक क्रमाने फिरवून हे कण पुन्हा मूळ पिशवीत सोडण्याची पद्धत काढली. 1992 मध्ये त्यांचा त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. भूलभुलैयाच्या खेळण्यात डबी कलवत गोळी घरात नेतो, तसंच हे. शस्त्र नाही, औषध नाही, म्हणून सुरुवातीला फार जणांचा त्यावर विश्वासच बसला नव्हता.

पहिल्यांदा भोवळ आली असेल तर हे घरी करू नका. कानाचे डॉक्टर किंवा तोलाचे उपचार करणारे फिजिओथेरपिस्ट तुम्हाला मान वळवून झटकन आडवं करतील आणि डोळे बघतील. काही सेकंद थांबून बुबुळं एका ठराविक दिशेने झटके देत फिरू लागतात. या चाचणीला डिक्स-हॉलपाइक म्हणतात. ती 1952 पासून वापरात आहे आणि या आजारापुरती कुठल्याही स्कॅनपेक्षा जास्त सांगते. एकदा निदान आणि बाजू पक्की झाली, आणि महिन्यांनी तोच, अगदी तसाच त्रास परत आला, तर खालची कृती घरी करता येते. मानेची शस्त्रक्रिया, संधिवाताने सैल झालेली मान, डोळ्याच्या पडद्याचा ताजा त्रास, मानेतल्या रक्तवाहिनीत अडथळा, हृदयाचा अस्थिर आजार यांपैकी काही असेल तर मात्र नाही. सोबत कुणीतरी हवं, आणि हाताशी एक भांडं.

उजवा कान बिघडला आहे असं धरून सांगतो. डावा असेल तर सगळं उलट.

1. पलंगावर पाय लांब करून बसा. आडवं झाल्यावर खांद्यांखाली येईल अशी उशी मागे ठेवा. मान उजवीकडे 45 अंश, म्हणजे समोर आणि खांदा यांच्या मधोमध वळवा.
2. मान तशीच ठेवून झटकन मागे पडा. खांदे उशीवर, डोकं किंचित मागे कललेलं, गादीला टेकलेलं. भोवळ येईल, ती यायलाच हवी. डोळे उघडे ठेवा. ती थांबल्यावर आणखी अर्धा मिनिट तसेच रहा.
3. डोकं न उचलता मान डावीकडे 90 अंश वळवा, म्हणजे नाक आता डावीकडे 45 अंशांवर येईल. अर्धा ते एक मिनिट थांबा.
4. मान आणि खांद्यांमधला कोन न बदलता डाव्या कुशीवर वळा. नाक तिरकं जमिनीकडे येईल. पुन्हा तेवढंच थांबा.
5. हनुवटी छातीकडे ठेवून डाव्या बाजूने उठून बसा. पलंगाची कड धरून काही मिनिटं बसून रहा. लगेच चालायला लागू नका.

लोक हमखास दोन ठिकाणी घाई करतात. दुसऱ्या पायरीवर घाबरून मध्येच उठून बसतात, त्यामुळे कण परत मागे सरकतात. आणि चौथ्या पायरीवर शरीर वळतं पण नाक छताकडेच राहतं, मग कण वाटेतच अडकतात. आरशाऐवजी माणूस समोर ठेवा. त्याला फक्त नाक कुठे आहे ते बघायला सांगा.

दिवसातून तीन वेळा करा. पूर्ण एक दिवस भोवळीशिवाय गेला की बंद करा. त्यानंतर काही दिवस डोकं हलकं, पाय अधांतरी वाटू शकतात. ते ठीक आहे. दोन रात्री बसून झोपा, पट्टा लावा असा जुना सल्ला कुणी दिला तर त्याची गरज नाही.

काही वेळा या एपली कृतीनंतर भोवळ वेगळीच होते: दोन्ही कुशींवर, आधीपेक्षा जोरात. कण मागच्या नलिकेतून आडव्या नलिकेत गेल्याची ती खूण असते. त्यासाठी वेगळी कृती लागते, म्हणून तीच एपली रेटत बसू नका. दोन्ही बाजूंना सुरुवातीपासूनच सारखं गरगरत असेल तर घरचा प्रयोग न करता थेट तज्ज्ञाकडे जा.

परत परत का येतं?

कण परत बसवले तरी ते सुटण्याची प्रवृत्ती जात नाही. पहिल्या वर्षात पुन्हा येण्याची शक्यता जास्त. वारंवार होत असेल तर ड जीवनसत्त्व आणि, विशेषतः पाळी थांबलेल्या स्त्रियांनी, हाडांची घनता तपासून घ्यावी. ड जीवनसत्त्व कमी असलेल्यांमध्ये ते भरून काढल्यावर झटके कमी झाल्याचं दक्षिण कोरियातल्या एका चाचणीत दिसलं आहे. मात्र पातळी न मोजता मोठ्या डोसच्या गोळ्या घेऊ नयेत.

जोपर्यंत झटके चालू आहेत तोपर्यंत शिडी, एकट्याने पोहणं आणि गाडी चालवणं बंद. पाण्याखाली भोवळ आली तर वर कुठे आणि खाली कुठे हेच कळत नाही. रात्री बाथरूमच्या वाटेवर एक दिवा राहू द्या. वयस्करांना भोवळीपेक्षा पडल्याने जास्त इजा होते.

सातवी, आणि सर्वांत कंटाळवाणी: सराव

नसेच्या सुजेनंतर किंवा महिनोन्‌महिने चाललेल्या डोलण्यावर मुख्य उपाय व्यायामच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॉथॉर्न आणि कुक्सी या ब्रिटिश डॉक्टरांनी असे व्यायाम पद्धतशीर बसवले आणि त्यांचाच वंश आजही चालू आहे. सुरुवातीचा एक: हात लांब करून अंगठा समोर धरा, नजर अंगठ्यावर रोखून डोकं 'नाही' म्हणताना हलतं तसं अर्धा मिनिट हलवा. अंगठा अस्पष्ट व्हायला लागेल एवढा वेग नको. दिवसातून चार-पाच वेळा. थोडं गरगरलं पाहिजे, कारण चूक झाल्याशिवाय मेंदू ती सुधारत नाही. पंधरा-वीस मिनिटांत ओसरलं नाही तर वेग कमी करा. फरक दिवसांत दिसत नाही, आठवड्यांत दिसतो, आणि नेमके तिथेच बहुतेक जण सोडून देतात.

आता घरचे प्रयोग थांबवा

आठवडाभर नीट केलेल्या एपलीने फरक नाही, झटके मिनिटाहून लांबू लागले, ऐकण्यात बदल झाला, वहीतलं चित्र कुठल्याच प्रकाराशी जुळत नाही, किंवा भीतीने घराबाहेर पडणं बंद झालं, तर पुढचं काम तज्ज्ञाचं. सुरुवात कान-नाक-घसा तज्ज्ञापासून करा. मायग्रेनचा संशय असेल किंवा चालण्यात फरक पडला असेल तर न्यूरॉलॉजिस्ट. श्रवणचाचणी, डोळ्यांच्या हालचाली टिपणारी व्हीएनजी आणि गरज असेल तरच एमआरआय, असा क्रम सहसा असतो.

जाताना वही आणि औषधांची यादी न्या. शिवाय एक गोष्ट घरच्यांना आधीच सांगून ठेवा: पुढचा झटका आला की मोबाइलवर तुमच्या डोळ्यांचं जवळून चित्रण करायचं, खोलीत भरपूर उजेड ठेवून, डोळे उघडे आणि नजर सरळ समोर. झटका दवाखान्यात सहसा येत नाही, आणि बुबुळं कोणत्या दिशेला झटके देतात हे तीस सेकंदांच्या चित्रफितीत डॉक्टरांना दिसलं तर कोणत्या कानाची कोणती नलिका, की प्रश्न कानाचा नाहीच, याचा अंदाज तिथल्या तिथे बांधता येतो.